नवव्या नियमाची साक्ष

दुसऱ्याच्या वाट्याचा 'मी' आपल्या तोंडाने बोलायचा, हा तिचा पोटापाण्याचा धंदा होता. बहिऱ्या माणसाने हातांनी सांगितलं, "माझं पोट दुखतंय," की डॉक्टरांपुढे ही म्हणायची, "माझं पोट दुखतंय." 'त्याचं दुखतंय' असं म्हणायचं नाही, हा दुभाष्यांचा पहिला धडा. तिने कोर्टात चोर होऊन कबुली दिली होती, दवाखान्यात बाळंतिणीसाठी शिव्या दिल्या होत्या, आणि एकदा नोंदणी कचेरीत नवरा आणि नवरी दोन्ही होऊन एकाच दमात होकार दिला होता. मैत्रिणी चेष्टा करायच्या, "अगं, तू स्वतःचं असं कधी बोलतेस तरी का?" ती हसण्यावारी न्यायची.

तिचे आईवडील दोघेही जन्माचे बहिरे. हिला मात्र खणखणीत ऐकू यायचं. त्यामुळे दूधवाल्यापासून घरमालकापर्यंत घराच्या वतीने बोलायचं काम तिच्याकडे लहानपणीच आलं, आणि पुढे त्याचीच नोकरी झाली. वडील शिवणकामाच्या कारखान्यात कापड बेतायचे. डावखुरे होते. त्यांची कात्रीही डाव्या हाताची, खास बनवून घेतलेली. त्यांच्या हातांना वळणदार बोलण्याची सवय होती. पण शाळेचा विषय निघाला की ते कात्री उचलत. डाव्या हातात कात्री आली की बोलायला हात मोकळा राहत नसे, आणि विषय तिथेच मिटे.

गेल्या हिवाळ्यात ते गेले.

घर एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर होतं, लाकडी फळ्यांच्या जमिनीचं. बहिऱ्यांच्या घरात माणसाला हाक मारायची म्हणजे एक तर दिव्याचं बटण खालीवर करायचं, नाही तर जमिनीवर टाच आपटायची. समोरच्याच्या तळपायाला ती कळते. वडिलांची टाच तिला झोपेतही ओळखता आली असती. आधी एक भरदार ठोका आणि पाठोपाठ एक हलका. ते तिचं नावच आहे असं ती लहानपणापासून धरून चालली होती.

वडील गेल्यावर काही आठवड्यांनी, तिन्हीसांजेला भांडी घासताना तिच्या पायाखालची फळी थरथरली. एक भरदार, एक हलका. आईने बोलावलं असेल म्हणून ती हात पुसत बाहेर आली, तर आई खिडकीपाशी पाय स्टुलावर घेऊन उसवलेलं काहीतरी शिवत बसलेली.

"बोलावलंस?" तिने हातांनी विचारलं.

"नाही गं."

खालच्या मजल्यावर गोदाम होतं आणि त्याला कुलूप होतं. ती परत जाऊन भांड्यांना लागली, पण नळ तसाच वाहत राहिला, आणि ती पायांकडे बघत उभी राहिली.

त्यानंतर असं वरचेवर होऊ लागलं. कधी सकाळी वेणी घालताना, कधी कपडे वाळत टाकताना. तिने सुतार बोलावून फळ्या ठोकून घेतल्या. सुतार म्हणाला, फळ्या घट्ट आहेत, तुमचा गैरसमज झालाय. तिने पैसे दिले.

अशात एके दिवशी संसदेच्या सचिवालयातून फोन आला. बोलणारा समिती अधिकारी होता. घसा खाकरल्याशिवाय त्याचं वाक्य सुरू होत नसे. एका समितीपुढे बहिऱ्या साक्षीदाराची साक्ष होती, त्यासाठी दुभाषी हवी होती.

"कसली समिती?" तिने विचारलं.

"नियम तपासणारी." तो खाकरला. "त्याचं असं आहे बाई, सभागृह कायदा करतं तेव्हा ठळक तेवढं लिहितं. बारीकसारीक गोष्टी 'नियमांनी ठरवाव्यात' म्हणून खात्यावर सोडून देतं. मग खातं नियम लिहून सभागृहापुढे ठेवतं. पण ते वाचायला कुणाला सवड आहे? आम्ही वाचतो. कायद्याने खात्याला जेवढी मोकळीक दिली, तेवढ्यातच नियम बसतो का, एवढंच बघायचं. नियम चांगला की वाईट, हे आमच्याकडे नाही."

"वाईट असला तरी?"

"वाईट असला तरी. मात्र अधिकाराबाहेर गेलेला असला, तर आमच्या अध्यक्षबाई सोडत नाहीत."

कागद दुसऱ्या दिवशी आले. शिक्षण खात्याने विशेष शाळांसाठी नवे नियम केले होते. त्यातला नववा बहिऱ्या मुलांच्या शाळांचा. 'शिकवण्याचे माध्यम मौखिक भाषा हेच राहील. अपरिहार्य प्रसंग वगळता वर्गात हातांच्या खुणांचा वापर करू नये.' ज्या कायद्याखाली हे नियम निघाले होते, त्यात एवढंच म्हटलं होतं, की प्रत्येक मुलाला त्याला समजेल त्या भाषेत शिकवलं जाईल.

ती जेवणाच्या टेबलाशी वाचत होती. आईने कागद ओढून घेतला, सावकाश बोट ठेवत वाचला, आणि एकच खूण केली. "पुन्हा?"

"पुन्हा म्हणजे?"

आई काही सांगणार, तोच पायाखाली फळी थरथरली. आधी भरदार, मग हलकी. या वेळी तिची नजर आईवर होती, म्हणून तिला दिसलं, की आईचेही डोळे जमिनीकडे गेले.

"तुलाही कळलं?" तिने विचारलं.

"रोज कळतं."

"मग सांगितलं का नाहीस? भीती नाही वाटत?"

"जिवंत होता तेव्हा कधी घाबरले नाही, आता काय घाबरायचं?" आईने कागद नीट घडी करून तिच्यापुढे सारला. "आणि मला कुठे बोलावतोय? मला हाक मारताना तो एकदाच आपटायचा."

साक्षीच्या दिवशी ती वेळेआधी पोचली. समितीची खोली लांबलचक होती. घोड्याच्या नालासारखं टेबल, जागोजागी माईक, पाण्याचे गिलास, आणि खाली पाऊल रुतेल असा गालिचा. खुणांची साक्ष नुसत्या टिपणात पकडता येत नाही, म्हणून कोपऱ्यात कॅमेराही लावला होता. अध्यक्षबाई एके काळच्या नामांकित वकील. चष्मा कपाळावर चढवून ऐकायच्या आणि प्रश्न विचारायचा झाला की डोळ्यांवर आणायच्या. त्यांच्या डाव्या हाताला शिक्षण सचिव फायलींसह बसले होते. मृदू बोलणारे, थकलेले गृहस्थ होते. ते म्हणाले, आता लहानपणीच यंत्रं बसवता येतात, मुलं ऐकू लागतात, बोलू लागतात. खुणांची सोय असली की बोलायचा कंटाळा करतात. हेतू मुलांच्या भल्याचाच आहे. ते मनापासून बोलत होते, आणि दोनतीन सदस्यांनी माना डोलावल्या.

मग साक्षीदार आला. बहिऱ्यांच्या संघाचा म्हातारा अध्यक्ष, धंद्याने सुतार. सगळे त्याला सुतारकाका म्हणत. लाकूड कापताना उजव्या तर्जनीचं टोक गेलेलं, त्यामुळे त्याच्या खुणा किंचित तोतऱ्या वाटायच्या. तो तिच्या वडिलांच्या शाळेतला होता, हे तिला ऐकून माहीत होतं. पण शाळेबद्दल तोही कधी बोलत नसे. त्याला एका खुर्चीवर बसवलं. त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. ती त्याच्यासमोर बसली. त्याने हात उचलले आणि तिने तोंड उघडलं.

"मी पाच वर्षांचा असताना मला शाळेत घातलं," ती बोलू लागली. "पहिल्याच दिवशी मास्तरांनी आम्हाला हात मांडीखाली घेऊन बसायला शिकवलं. हात बाहेर दिसला की पट्टी. मग प्रत्येकाच्या तोंडासमोर कागदाची पट्टी धरायची. 'प' म्हटलं की कागद हलला पाहिजे. मी वर्षभर कागद हलवला. तो कशासाठी हलवायचा, हे मला कुणी सांगितलं नाही, कारण सांगायचं तर हात लागले असते."

अध्यक्षबाईंनी चष्मा खाली घेतला. "ऐकून वाईट वाटतं. पण समितीपुढे प्रश्न एवढाच आहे, की हा नियम कायद्याच्या चौकटीत बसतो की नाही."

तिने ते हातांनी सुतारकाकांना सांगितलं. त्यांनी मान हलवली.

"मी त्याच प्रश्नाचं उत्तर देतोय," ती त्यांच्या वतीने म्हणाली. "कायद्यात 'समजेल ती भाषा' असं लिहिलंय ना? आम्हाला तिथे काय समजत होतं, तेच सांगतोय. वर्गात आम्हाला एकच भाषा समजायची, ती टाचांची. खाली लाकडी जमीन होती. हात मांडीखाली, नजर मास्तरांवर, आणि टाच बाकाखाली. मास्तरांना वाटायचं, पोरं थंडीने पाय आपटतात. एका मुलाने ती युक्ती काढली. आधी एक भरदार ठोका, मग एक हलका. त्याचा अर्थ, 'मी आहे इथे.' एकाने आपटली की बाकावरचे सगळे आपटायचे. मी आहे. मी आहे. मी पण आहे."

सुतारकाका तिच्याकडे रोखून बघत होते. तो मुलगा कोण, हे त्यांनी सांगितलं नाही, आणि तिला विचारण्याचा अधिकार नव्हता. इतकी वर्षं जे तिने स्वतःचं नाव समजून ऐकलं, ते तिचं नाव नव्हतंच. गालिच्याखालून, जाड लोकरीतून, तिच्या तळपायाला एक भरदार ठोका कळला. मग हलका.

आणि हात पुढे बोलू लागले. तिने बोलणं सोडलं नाही. समोर हात हलत असताना दुभाष्याने थांबायचं नसतं.

"मी सात वर्षांचा होतो. मुख्याध्यापकांनी मला खोलीत बोलावलं, समोर बसवलं आणि ओठ हलवले. मला वाटलं, नवा धडा आहे. मी त्यांच्यासारखेच ओठ हलवले. त्यांनी पुन्हा हलवले, मीही पुन्हा हलवले. मग त्यांनी माझ्या गळ्याला बोटं लावून आवाज तपासला आणि माझी पाठ थोपटली. मी फार खूश झालो. मला पहिल्यांदाच अख्खं वाक्य आलं होतं. मी ते रोज घोकलं. सुट्टी लागल्यावर घरी गेलो, तो दारातूनच पळत आत शिरलो, आईला म्हणून दाखवायला. सगळ्या खोल्यांतून तिला शोधत मी मोठ्याने ते वाक्य म्हणत होतो. घरातली माणसं कानांवर हात ठेवत होती. ते वाक्य होतं, 'तुझी आई गेली.'"

टिपण घेणाऱ्या लघुलेखकाचं पेन तेवढं चालत राहिलं. एका सदस्यबाईंनी पदर डोळ्यांना लावला. शिक्षण सचिवांनी फाईल मिटली.

"साक्ष पुरी झाली?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

तिने सुतारकाकांना विचारलं. ते तिच्याकडे विचित्र नजरेने बघत राहिले आणि मग त्यांनी होकार दिला.

बाहेर व्हरांड्यात त्यांनी तिला खांद्याला धरून थांबवलं. "मी पाणी पीत होतो तेव्हा तू काय बोलत होतीस?"

"तुम्ही सांगत होता तेच."

"मी काय सांगणार? टाचांचं सांगितलं आणि घसा सुकला म्हणून गिलास उचलला. मांडीवर धरून बसलो होतो, दोन्ही हातांनी. लोक माझ्याकडे बघून रडायला लागले, मला कळेना काय झालं."

"काका, तुम्ही आईचं सांगितलंत. मुख्याध्यापकांनी..." तिने ते हात जसे पाहिले होते तसे करून दाखवले.

सुतारकाकांनी तिच्या हातांकडे पाहिलं. "हे तू डाव्या हाताने करतेयस," ते म्हणाले. "मी कधीपासून डावखुरा झालो?"

तिला तेव्हा कुठे आठवलं. ज्या हातांवरून ती बोलली, त्यांची सगळी बोटं धड होती.

समिती अधिकाऱ्याकडे जाऊन तिने चित्रण बघायला मागितलं. एका शब्दाची खात्री करायची आहे, असं सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. छोट्या पडद्यावर सुतारकाका दिसत होते, मांडीवर गिलास धरून खाली बघत बसलेले. त्यावर तिचा स्वतःचा आवाज चालला होता, स्वच्छ, न अडखळता. आणि ती सुतारकाकांकडे बघतच नव्हती. ती शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होती. तिची नजर तिथे काही तरी वाचत असल्यासारखी डावीउजवीकडे फिरत होती.

"झाली खात्री?" अधिकाऱ्याने घसा खाकरून विचारलं.

"झाली," ती म्हणाली, आणि जिन्याचा कठडा धरून खाली उतरली.

घरी आल्यावर तिने चप्पलही काढली नाही. आईसमोर उभी राहून विचारलं, "बाबांना त्यांची आई गेल्याचं कसं कळलं?"

आईच्या हातातली सुई थांबली. तिने ती कापडात खोचून ठेवली. मग ती म्हणाली, "तुला कुणी सांगितलं? हे मला सोडून जगात कुणाला माहीत नाही. लग्नाआधी एकदाच बोलला. पोरांना कधी सांगायचं नाही म्हणून शपथ घातली. 'माझ्या पोरांनी माझा आवाज ऐकला, की त्यांना तेच वाक्य ऐकू येईल,' म्हणाला. म्हणून तर तो तुझ्यासमोर कधी तोंडाने काही बोलला नाही."

ती तिथेच जमिनीवर बसली. वडील कधी बोलत कसे नाहीत, हसताना सुद्धा आवाज कसा गिळून टाकतात, याचं लहानपणी तिला नवल वाटायचं. आता ते वाक्य तिने स्वतःच्या तोंडाने, माईकवर, भरल्या खोलीत म्हटलं होतं. आई तिच्याजवळ सरकली आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. हात गुंतलेले असल्यामुळे दोघींपैकी कुणालाच काही बोलता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती अध्यक्षबाईंकडे गेली. वेळ मागून घेतली नव्हती. दाराशी उभी राहिली आणि त्यांनीच आत बोलावलं.

"काल मी शेवटी जे बोलले, ते साक्षीदाराचं नव्हतं," ती म्हणाली.

अध्यक्षबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "मग कुणाचं?"

"माझ्या वडिलांचं."

"ते हजर होते?"

'नाही' म्हणायला हवं होतं, पण तोंडातून निघेना. "ते गेल्या हिवाळ्यात वारले," ती म्हणाली.

अध्यक्षबाईंनी तिला न्याहाळलं. "माझं निम्मं आयुष्य खोटं बोलणाऱ्यांची उलटतपासणी करण्यात गेलं. तुम्ही खोटं बोलत नाही आहात, एवढं मला कळतं. त्यापुढचं काही कळत नाही, आणि कळून घ्यायची माझी तयारीही नाही. पण मेलेल्या माणसाची साक्ष मला कामकाजात ठेवता येणार नाही. तो भाग काढून टाकावा लागेल. आणि या प्रकरणात तुम्हाला पुन्हा बसवता येणार नाही."

"ठाऊक आहे मला."

"मग सांगायला कशाला आलात? साक्षीदाराने तक्रार केलेली नाही. कुणाच्या लक्षातही आलं नसतं."

"उद्या दुसरा कुणी बहिरा माणूस तुमच्यासमोर बसेल. ही बाई बोलते ते माझंच, असा त्याला भरवसा नको का?"

अध्यक्षबाईंनी कपाटाकडे पाहत विचारलं, "ही हकीकत आणखी कुणाला ठाऊक आहे?"

"माझ्या आईला."

"समिती म्हणजे कोर्ट नव्हे. आम्ही ऐकीव गोष्टही ऐकून घेतो." त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "मी निरोप पाठवत नाहीये. नुसती माहिती देतेय."

घरी आईने ते सगळं ऐकून घेतलं आणि उसवलेली शिवण परत हातात घेतली. लेकीने आग्रह केला नाही. ओळीने दोन बाह्या शिवून झाल्यावर आईने सुई खोचून ठेवली.

"मी शपथ घेतली होती," आई म्हणाली.

"म्हणून तर मी काही म्हणत नाहीये."

"त्याने स्वतःच मोडली ना पण? मग माझीच कशाला राहील?" आणि कपाटातून ठेवणीतली साडी काढून ती उन्हात धरून बघू लागली.

दुसऱ्या बैठकीला दुभाषी म्हणून एक तरुण मुलगा आला. त्याला सर्दी झाली होती. ती मागे, पाहुण्यांच्या रांगेत बसली. आपल्या माणसाच्या साक्षीला हात बांधून बसायची तिची पहिलीच वेळ. आईने पदर खोचला, हात उचलले, आणि त्या मुलाचा घोगरा, भरदार आवाज खोलीत उमटला.

"मी लग्नाला होकार दिला, त्या दिवशी माझ्या होणाऱ्या नवऱ्याने मला एक गोष्ट सांगितली."

तिने डोळे मिटले. मिटल्यावर नुसता आवाज उरला, पुरुषाचा आवाज, 'मी' म्हणणारा, तिच्या घरातली गोष्ट सांगणारा. वडिलांना आवाज असता तर तो असाच काहीसा असता, असं तिच्या मनात आलं. तिने घाईने डोळे उघडले. मुलगा आईकडेच बघत होता. आईचे हात हलत होते. शेजारची खुर्ची रिकामी होती, आणि या वेळी ती रिकामीच राहिली. शेवटचं वाक्य म्हणताना मुलाचा आवाज फाटला आणि तो क्षणभर अडला. ते सर्दीने की कशाने, कोण जाणे.

अध्यक्षबाई शिक्षण सचिवांकडे वळल्या. "आता समितीच्या कक्षेतला प्रश्न विचारते. उद्या अशा मुलाला अशी बातमी सांगायची वेळ आली, तर तुमच्या नियमाप्रमाणे ती कुठल्या भाषेत सांगायची?"

"अपरिहार्य प्रसंग म्हणून खुणा वापरता येतील," सचिव म्हणाले.

"आणि त्या मुलाला खुणा येणार कुठून? वर्गात तर त्या वापरायच्या नाहीत. आई मेल्याच्या दिवशी त्याला भाषा शिकवायला घेणार का?"

सचिवांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"कायदा म्हणतो, मुलाला समजेल ती भाषा. कुठली समजते, हे त्या मुलाकडे बघून ठरायचं. तुमच्या नियमाने ते मुलाकडे न बघताच ठरवून टाकलं. असं ठरवण्याचा अधिकार कायद्याच्या कुठल्या कलमाने तुम्हाला दिला? कलम दाखवा."

सचिवांनी फाईल चाळली. सहायकाने पुढे केलेला कागद वाचला, परत केला. "तसं स्वतंत्र कलम नाही," ते हळू आवाजात म्हणाले. मग त्यांनी आईकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाई, यंत्रं खरंच चांगली निघाली आहेत." दुभाषी मुलाने ते हातांनी सांगितलं. आई म्हणाली, "असू देत की. यंत्रंही द्या. हात कशाला काढून घेता?"

बाहेर आल्यावर आईने लेकीला कोपराने ढोसलं. "माझा आवाज कसा होता?"

"पुरुषाचा. जरा घोगरा."

आई खुदकन हसली. "आणि शेवटी तो पोरगा थांबला का होता? मी तर थांबले नव्हते."

"त्याला रडू आलं असेल."

"मग मी रडले असं झालं की त्यांच्या लेखी!" आई फणकारली. "नीट सांग जाऊन त्यांना. मी रडले नाही म्हणावं."

त्या दिवसानंतर घरातल्या फळ्या शांत झाल्या. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तसं काही वाटलं नाही. काम करता करता ती मध्येच थबकायची आणि चप्पल काढून अनवाणी उभी राहायची. आईच्या ते लक्षात आलं होतं. पाय स्टुलावर घेऊन बसायचं तिने सोडून दिलं होतं. तीही आता तळवे जमिनीला टेकवून बसायची.

समितीचा अहवाल सभागृहापुढे ठेवायचा त्या दिवशी अधिकाऱ्याने दोघींसाठी प्रेक्षक सज्जाचे पास काढून ठेवले. नववा नियम अधिकाराबाहेर असल्यामुळे वगळावा, अशी शिफारस झाली होती, आणि खात्याने ती आधीच मान्य केली होती. तेच म्हणणं साध्या परिपत्रकातून परत आणायचा खात्यात कुणी तरी घाट घातला होता. परिपत्रकं समितीपुढे येत नाहीत. पण अध्यक्षबाईंना सुगावा लागला आणि तेही बारगळलं.

आईला वाटत होतं, मोठा समारंभ असेल. खाली अर्धी बाकं रिकामी होती. अध्यक्षबाई उभ्या राहिल्या, समितीचा अहवाल सभागृहासमोर ठेवत असल्याचं एका वाक्यात म्हणाल्या आणि बसल्या. लगेच कुणी तरी बंदरांच्या दुरुस्तीवर बोलायला लागलं.

"झालं," तिने आईला सांगितलं.

"काय झालं?"

"नियम गेला."

"एवढंच?" आईचे हात सगळ्या सज्जाला दिसतील एवढे मोठे हलले. "मी एवढी साडी नेसून आले!"

मागून सज्जाचा पहारेकरी लगबगीने आला आणि वाकून दबक्या आवाजात म्हणाला, "बाई, इथे हातवारे करायला मनाई आहे. नियम आहे."

"काय म्हणतोय?" आईने विचारलं.

तिने आईला ते सांगितलं. सांगायचं म्हणजे हातांनीच. पहारेकरी दोघींच्या हातांकडे बघत राहिला, मग त्याच्या ध्यानात आलं आणि तो कानापर्यंत लाल झाला. काय करावं हे न सुचून तो परत जाऊन दाराशी उभा राहिला आणि खाली चाललेल्या बंदरांच्या चर्चेकडे मोठ्या निष्ठेने बघू लागला.

"बसू या थोडा वेळ," आई म्हणाली. "ते काय बोलताहेत ते सांग मला."

"बंदरांचं आहे गं. कंटाळवाणं."

"असू दे. सांग."

तिने खुर्ची वळवून आईकडे तोंड केलं आणि सांगायला लागली.